पाठीवरची बॅग उतरवून सायकलवर बसताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं आता नोकरीतून लांब सुट्टी काढून, किंवा सरळ राजीनामा देऊन, चार-सहा महिने व्हिएतनाम, थायलंड, जॉर्जिया असं फिरून येतात. परत आली की घरात पाय ठरत नाही आणि पुढची घोषणा होते: आता सायकलवर भारत. बेत झकासच आहे. गोची एवढीच की पहिल्या प्रवासात जे निभावलं ते दुसऱ्यातही निभावेल असं गृहीत धरलं जातं. बॅकपॅकिंगमध्ये अंदाज चुकला तर पुढची बस मिळते, हॉस्टेलात दोन दिवस लोळता येतं. सायकलवर तीच बेफिकिरी गुडघ्यातून, सीटखालून नाहीतर मागच्या चाकातून वसूल होते. आणि होते ती भर दुपारी, सावदा-रावेरच्या मध्ये कुठेतरी, जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी आणि सावली मात्र बांधापलीकडे.

परदेशातल्या चुकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या बहुतेक घर सोडायच्या आधीच झालेल्या असतात.

सिम, कार्ड आणि काळा मसाला

पहिली हमखास चूक सिमकार्डाची. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर ते बंद होऊ शकतं. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर त्यातून मुदत वाढते, पण त्या भरवशावर बसू नका. नंबर गेला की ओटीपी गेला, आणि ओटीपी गेला की हॅनोईत बसून स्वतःच्याच पैशाकडे बघत राहायचं. घरी धाकट्या भावाला रिचार्जची तारीख लावून द्या, रोमिंग चालू करून निघा आणि अधूनमधून एखादा मेसेज पाठवत राहा.

कार्डाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू होऊन येतं. परदेशातला वापर अ‍ॅपमधून स्वतः चालू करावा लागतो, आणि तो इथेच करून ठेवावा. तिथल्या एटीएमने ‘रुपयांत कापू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि त्या देशाच्या चलनातच व्यवहार करा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण दर त्यांचा असतो. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी साधारण २२० बाट शुल्क लावतात, म्हणून थोडे थोडे पैसे काढण्यात हशील नाही.

आईने बांधून दिलेल्या मसाल्यात खसखस आहे का, ते तिलाच विचारा. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखस बाळगणं गुन्हा आहे. तिथे ‘घरचा मसाला आहे हो’ ऐकून घेणारं कुणी नसतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जात असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहा, लोणच्याची पुडीसुद्धा.

व्हिएतनाममध्ये स्कूटर भाड्याने मिळते, कुणी कागद विचारत नाही, म्हणून सगळे चालवतात. भारताचं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या करारानुसार असतं आणि व्हिएतनाम १९६८ च्या कराराचं परमिट मानतो, म्हणजे आपलं तिथे चालत नाही. याचा हिशोब अपघातानंतर, विमा कंपनीच्या पत्रातून कळतो. प्रवास विमा बहुतेक कंपन्या देश सोडण्याआधीच देतात, विमानात बसल्यावर आठवून उपयोग नाही. आणि त्या काळात इथल्या मेडिक्लेमचा हप्ता चुकवू नका, कारण परत येऊन सायकलवर बसणार आहात तेव्हा खरी गरज त्याचीच आहे.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेत जाऊन येणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र त्याआधी लागू होत नाही. ते नसताना बाधित देशातून परत आलात तर विमानतळावरूनच विलगीकरणात जाण्याची वेळ येऊ शकते.

परत आल्यावरची घाई

खरा घोळ इथे होतो. माणूस मार्च-एप्रिलमध्ये परत येतो, अंगात अजून वारं असतं, आणि आठवड्याभरात सायकल काढतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हे त्याला लहानपणापासून माहीत असतं. तरीही. परदेशात महिनोन्‌महिने चाललो, पाय तयार आहेत, ही समजूत त्यामागे असते. चालण्याने दम वाढतो हे खरं. पण सायकलला लागणारे मांडीचे स्नायू, सीटवर टेकणारी हाडं आणि हँडलवर भार घेणारे मनगट त्यातून तयार होत नाहीत.

आधी तब्येत बघा. प्रवासातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कुठल्या कुठल्या देशांत होतो ते न विचारता सांगा. मलेरिया परतल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही उफाळतो. पोट आठ-पंधरा दिवस बिघडलेलंच असेल तर ‘पाणी बदललं’ म्हणून सोडून देऊ नका, तपासणी करा. जुलाब चालू असताना खान्देशच्या उन्हात सायकल चालवणं म्हणजे सलाइनची बाटली स्वतःहून मागवणं.

मग सायकल अंगाला बसवून घ्या. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा, पाय तेव्हा सरळ व्हायला हवा. चालवताना चवडा पॅडलवर येतो आणि गुडघ्याला आपोआप हलका बाक राहतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. हाताला मुंग्या येत असतील तर सीटचं नाक खाली झुकलंय का बघा, कारण मग सगळं अंग हँडलवर घसरत राहतं. रुंद, गुबगुबीत जेलची सीट दुकानात सुखाची वाटते, ५० किलोमीटरनंतर तीच सोलते. पॅड असलेल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. हे लिहायला जरा ऑकवर्ड वाटतं, पण शिवणीने घासून झालेल्या जखमांवर मलम शोधत फिरणारे पाहिलेत, म्हणून लिहिलं.

निघण्याआधी पूर्ण सामानासह जवळच दोन मुक्काम करून या. जळगावहून चोपडा, तिथून यावल-फैजपूर असा सातपुड्याच्या पायथ्याचा रस्ता सपाटीसाठी उत्तम. चढाची परीक्षा घ्यायची तर शहाद्याकडून तोरणमाळ, नाहीतर चाळीसगावहून कन्नडचा घाट. तोरणमाळच्या सात पायरी घाटाच्या वळणांवर सायकल ढकलावी लागली तर कॅसेटला, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाला, आणखी मोठं चक्र हवंय, हे कन्याकुमारीच्या वाटेवर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

पाठीवर बॅग नकोच

सहा महिने सोबत केलेली चाळीस लिटरची बॅग सोडवत नाही, म्हणून ती पाठीवर घेऊनच निघणारे आहेत. पाठ घामाने भिजते ते सोडाच, तो सगळा भार सीटवर आणि कमरेवर उतरतो. दुसरे ती उभीच कॅरियरवर बांधतात. मग खड्डा चुकवताना मागचं चाक एकीकडे आणि बॅग दुसरीकडे. वजन कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत विभागा, जड वस्तू तळाशी ठेवा. कॅरियरचे बोल्ट रोज संध्याकाळी हाताने तपासा. ते एकदम तुटत नाहीत, आधी सैल होतात.

सगळं ओझं मागे टाकलं की मागच्या चाकाचे स्पोक तुटू लागतात, आणि तुटतो तो बहुधा चेनच्या बाजूचा, जिथे कॅसेट काढल्याशिवाय नवा घालता येत नाही. गावातल्या दुकानात मिळतो तो साध्या काळ्या सायकलचा स्पोक, त्याची लांबी आणि जाडी वेगळी. म्हणून आपल्या मापाचे तीन-चार स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून ठेवा आणि कॅसेट काढायचा पाना सोबत घ्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे निघण्याआधी चांगल्या मिस्त्रीकडून चाकाचा ताण तपासून घ्या. रस्त्यात तुटलाच तर तुटका स्पोक शेजारच्याला गुंडाळा, चाक ब्रेकला घासत असेल तर ब्रेक थोडा सैल करा, मागचं थोडं सामान पुढे घ्या आणि हळूहळू शहर गाठा.

चेन जुनी झाली का हे ओळखायला महागडं मापक लागत नाही. टेप लावा. पिनेपासून पिनेपर्यंत एक अशा २४ कड्या नवीन चेनमध्ये तंतोतंत १२ इंच भरतात. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त भरलं की चेन बदला. पूर्ण एक सूत वाढेपर्यंत थांबलात तर कॅसेटही गेली समजा.

काटा टायरमध्येच राहतो

खान्देशात पंक्चर म्हणजे वेडी बाभूळ आणि सराटे. बांधाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण असतं, त्याचे काटे गाडीवाटेवर पडलेले असतात. पंक्चर काढणं बहुतेकांना येतं, काटा काढणं राहून जातं. धरणगाव-अमळनेर रस्त्यावरच्या एका टपरीवर एक पोरगा पॅच लावून लावून वैतागून बसला होता. ट्यूब प्रत्येक वेळी त्याच जागी जात होती. पंक्चरवाल्या काकांनी ट्यूबकडे बघितलंच नाही. टायर हातात घेतलं, आतून अंगठा हळूहळू फिरवत नेला, एका जागी थांबले, टायर तिथे उलटं वाकवलं आणि नेलकटरने काट्याचं काळं टोक उपटून काढलं. तांदळाच्या कणीएवढं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

तुम्हीही ट्यूब घालण्याआधी टायर आतून असंच चाचपा, फक्त काच असू शकते म्हणून जपून. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर काटा शोधू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम-टेप, म्हणजे रिमच्या आतली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी, सरकली आहे.

बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर छोटा पितळी अ‍ॅडॉप्टर खिशात हवाच. नाहीतर टपरीवर कॉम्प्रेसर धडधडत असतो आणि तुम्ही हातपंप मारत बसता. अ‍ॅडॉप्टर लावून हवा भरताना काकांना सांगा, ‘थोडी थोडी मारा.’ तो कॉम्प्रेसर ट्रॅक्टरच्या चाकांना सरावलेला असतो, सायकलची ट्यूब काही क्षणांत फुटते.

पावसाळ्यात काळ्या मातीची पायवाट शॉर्टकट म्हणून धरू नका. चाक आणि मडगार्डमध्ये चिखल असा थापला जातो की सायकल उचलूनच न्यावी लागते.

ऊन, वारा आणि तर्री

जूनपासून पावसाळाभर तापीच्या खोऱ्यात वारा पश्चिमेकडून येतो. भुसावळहून सुरतेकडे निघालात तर तो सगळा तोंडावर. त्या दिवसांत पश्चिमेकडून पूर्वेकडे या, किंवा दिवसाचं अंतर कमी धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम आहे.

उन्हाळ्यात निघायचंच असेल तर पहाटे पाचला निघून अकराच्या आत सावली गाठा. तहान लागली म्हणून नुसतं पाणी ढोसत राहिलात तर अंगातलं मीठ पातळ होतं आणि डोकं गरगरतं. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं. ते पेल्यात अर्धं ओतून ‘स्ट्राँग’ करून पिऊ नका, त्याने जुलाब वाढतात. अंग तापलंय आणि सोबतचा माणूस असंबद्ध बोलतोय, असं दिसलं तर घाम येत असला तरी तो उष्माघात धरा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

जेवणाचं म्हणाल तर ढाब्यावरची शेवभाजी मुक्कामाला पोचल्यावर. दुपारी तर्री ओरपून पुन्हा पॅडल मारायला गेलात तर घशाशी येते. कळण्याची भाकरी, भरीत आणि वर दोन केळी यावर मात्र संध्याकाळपर्यंत निभतं.

परदेशात अनोळखी माणसाशी बेताने बोलायची सवय लागते, ती इथे नडते. गावात शिरलात की पारावरून विचारणा होणारच, ‘कोठे जाई ऱ्हायना भाऊ?’ थांबा, दोन शब्द बोला. पुढचा रस्ता खोदून ठेवलाय, पुलावर पाणी आहे, हे नकाशाला कळायच्या आधी पाराला कळतं. मुक्कामाची जागा अंधार पडायच्या आत सरपंच किंवा पोलीस पाटलांना विचारून ठरवा. यावल अभयारण्यात परवानगीशिवाय तंबू ठोकू नका. धडगावकडच्या डोंगरात फोनची रेंज दगा देते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

कुत्रं मागे लागलं तर जोर मारण्यापेक्षा उतरा आणि सायकल मध्ये धरा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

रेल्वेने परतताना

शेवटच्या गावाहून सायकल रेल्वेने आणायची तर ती आपल्या तिकिटावर लगेज म्हणून बुक करा, म्हणजे त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, सामानाच्या डब्यातून, येते. नुसतं पार्सल केलंत तर जागा मिळेल त्या गाडीने येते. जिथे गाडी दोनच मिनिटं थांबते तिथे सामान उतरवत नाहीत, म्हणून गाव मधल्या स्टेशनाजवळ असलं तरी बुकिंग भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनचं करा. पंप, दिवे, बाटल्या काढून घ्या. नाव आणि फोन नंबर पुठ्ठ्यावर लिहून दोन जागी बांधा. पावती जपा आणि सायकल वेळेत सोडवून घ्या, नाहीतर तासाच्या हिशोबाने भाडं चढतं. पॅडल काढली असतील तर पाना स्वतःजवळच्या बॅगेत ठेवा, आणि प्लॅटफॉर्मवर ती परत बसवताना डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो हे विसरून जोर लावू नका. क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्यात बसतं त्या दांडीचे, आटे गेले की भुसावळहून घरापर्यंत सायकल ढकलतच न्यावी लागते.