ब्रँडकडे समाजमाध्यमावर तक्रार कशी मांडावी

समाजमाध्यमावर तक्रार करण्यापूर्वी ब्रँडच्या संकेतस्थळावरून त्याच्या अधिकृत खात्याचे नाव तपासून घ्यावे, कारण एक्सवरील निळी खूण आता पैसे भरूनही मिळते. मजकूर थोडका पण नेमका असावा. ‘मिक्सर ४ तारखेला आला, भांड्याचे झाकण तडकलेले आहे, बदलून हवे’ एवढे पुरते, संताप मनातच ठेवलेला बरा. ऑर्डर क्रमांक, पत्ता किंवा मोबाइल क्रमांक उघड पोस्टमध्ये लिहू नये, कारण अशा पोस्टवर टपलेले एखादे बनावट ‘कस्टमर केअर’ खाते मोठ्या आपुलकीने विचारपूस करते, लिंक धाडते आणि परताव्यासाठी यूपीआय पिन मागते. वास्तविक पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवावे.

खरेदी ऑनलाइन असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे, म्हणून पोस्टबरोबर त्याला ईमेलही करावा आणि दोन्हींचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. ‘डीएम (खासगी संदेश) करा’ यापलीकडे ब्रँड सरकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.