पावसाळ्यात जनावर दगावल्यास: खड्डा खणण्याआधी कारण शोधा

मृगाचा पाऊस पडला की घटसर्प, फऱ्या, वीज, पूर, साप आणि विषबाधा यांनी जनावरे दगावण्याचे प्रमाण वाढते. जमीन ओली, विहिरी भरलेल्या, ओढे वाहते. अशा वेळी मेलेले जनावर ओढ्याकाठी ओढून टाकले तर त्यातले जंतू खालच्या गावाच्या पाण्यात जातात. गोठ्यात जनावर मेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो, "पुरायचे कुठे?" खरे तर तो दुसरा प्रश्न. पहिला, ते मेले कशाने? फाडायचे की नाही, पुरायचे की जाळायचे, चुना घालायचा की नाही, हे सगळे त्यावर ठरते.

अचानक मेलेल्या जनावराला हात लावण्यापूर्वी

संध्याकाळी धडधाकट असलेली गाय सकाळी मेलेली आढळली, तर "साप चावला असेल" किंवा "वीज पडली असेल" असे गृहीत धरू नका. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, अगदी असाच मारतो. खुणा लक्षात ठेवा: नाक, तोंड, गुदद्वार किंवा योनीतून काळपट रक्त येते आणि ते गोठत नाही, पोट फार लवकर फुगते, अंग नेहमीसारखे ताठरत नाही. सगळ्या खुणा प्रत्येक वेळी दिसतीलच असे नाही. एक जरी दिसली तरी जनावर फाडू नका, कातडे काढू नका, पोटाला भोक पाडू नका.

कारण साधे आहे. न फाडलेल्या देहात कुजण्याची क्रिया सुरू झाली की हे जिवाणू दोन-तीन दिवसांत बरेचसे मरतात. देह उघडला की त्यांना हवा मिळते आणि ते बीजाणू तयार करतात. बीजाणू मातीत कित्येक वर्षे टिकतात आणि पुढे कधीतरी त्याच जागी चरणाऱ्या जनावराच्या पोटात जातात. माणसालाही कातड्यातून, मांसातून लागण होते. हातावर न दुखणारा, मध्ये काळा पडलेला फोड दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

संशय आला की 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. डॉक्टर कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणीला पाठवतात, तेवढ्यासाठी देह उघडावा लागत नाही. ते येईपर्यंत कुत्री, कावळे दूर ठेवा आणि देह ताडपत्रीने झाका. जनावर जमिनीवरून ओढत नेऊ नका, वाटभर रक्त सांडते. रक्त पडलेली वरची माती आणि खालचा चारा देहाबरोबरच गेला पाहिजे.

अँथ्रॅक्स ठरला तर पूर्ण जाळणे उत्तम, पण भर पावसात ओल्या लाकडावर अर्धवट जळालेला देह न जाळलेल्यापेक्षा वाईट. जाळणे शक्य नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली खोल पुरा. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: या रोगात खड्ड्यात चुना टाकू नये. कॅल्शियममुळे बीजाणू टिकायला मदत होते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही इथे चुना टाळायला सांगितले आहे.

फऱ्याने मेलेले वासरू (मांडी किंवा खांदा सुजलेला, दाबल्यास चरचर आवाज) हेही फाडायचे नाही. त्याचेही बीजाणू मातीत राहतात. घटसर्प, लम्पी यांत चुना घालून पुरणे चालते. पिसाळलेल्या जनावराच्या तोंडाला उघड्या हाताने शिवू नका.

आधी पंचनामा, मग माती

वीज, पूर, दरड यांनी जनावर गेले असेल तर पुरण्याआधी ग्राम महसूल अधिकारी (तलाठी) आणि पशुधन विकास अधिकारी यांना कळवा. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक स्पष्ट दिसेल असा आणि पूर्ण जनावराचा, असे दोन फोटो काढा. 2022-23 ते 2025-26 साठीच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत दुधाळ गाय किंवा म्हैस 37,500 रुपये, ओढकाम करणारा बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000 आणि कोंबडी 100 रुपये अशी मदत ठरली होती. चालू दर तहसील कार्यालयात विचारा. विमा असेल तर कंपनीला कळवल्याशिवाय आणि शवविच्छेदनाचा अहवाल झाल्याशिवाय पुरू नका. बिल्ला कापून फेकला म्हणून दावा अडकणे हे नेहमीचेच.

विल्हेवाट ही मालकाची जबाबदारी आहे. मेलेली ढोरे ओढण्याचे काम गावगाड्याने एका समाजावर लादले होते. 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले, त्यामागे हेच ओझे झुगारण्याचा विचार होता. "कोणीतरी येऊन नेईल" ही अपेक्षा आज तरी नको.

खड्डा

जागा पावसाआधीच ठरवून ठेवा. जुलैत चिखलात जेसीबी शेतात उतरत नाही. विहीर, बोअर, ओढा यांपासून किमान 100 फूट लांब, उतारावर विहिरीच्या वरच्या अंगाला नाही, आणि गोठा व घरापासून दूर. मोठ्या जनावराला साधारण 8 फूट लांब, 7 फूट रुंद, 6 फूट खोल खड्डा लागतो. आडवी म्हैस अडीच फुटांच्या आसपास जागा घेते, म्हणजे वर तीन-साडेतीन फूट माती उरते. तीन फुटांहून कमी माती असेल तर कुत्री उकरतातच. खणताना तळाला पाणी लागले तर जागा बदला. कोकणात हे हमखास होते, तिथे मुरमाड उंचवटा शोधावा. काळ्या मातीत कडा कोसळतात, म्हणून खड्ड्यात माणूस उतरवू नका. जनावर दोरखंडाने सोडा.

डॉक्टरांनी संसर्गजन्य रोग नाही असे सांगितले असेल तरच, देह खाली ठेवल्यावर डाव्या कुशीत लांब काठीच्या सुरीने भोक पाडा. गॅस कोंडला की फुगलेला देह ओली माती वर ढकलतो. तळाशी आणि वर दोन बोटे चुना पसरा. चुना दुर्गंधी आणि माश्या आवरतो, पण देह लवकर कुजवत नाही, उलट थोडे लांबवतो. चुन्याने खड्डा भरावा इतका टाकायची गरज नाही, आणि कळीचा चुना हाताळताना हातमोजे व चष्मा हवाच. मीठ घालायची पद्धत मात्र सोडा. मिठाने मांस टिकते, हे लोणचे घालणाऱ्याला सांगावे लागत नाही. शिवाय जमीन खारवते. प्लास्टिकच्या पोत्यात गुंडाळून पुरू नका. माती वर दीड फूट उंचवटा करून टाका, पंधरा-वीस दिवसांत ती खचते, तेव्हा पुन्हा भर घाला.

कोंबड्या

रोजची मरतूक सकाळ-संध्याकाळ गोळा करा. शेडमध्ये राहिलेली मेलेली कोंबडी इतर कोंबड्या टोचतात. ती बंदी असलेल्या थाई मांगूर माशांच्या तळ्यात टाकणे तर अजिबात नको. छताखाली खत करणे सर्वांत सोयीचे: तळाला एक फूट कोरडे लिटर (शेडमधले अंथरूण) किंवा भाताचे तूस, त्यावर कोंबड्यांचा एकच थर (कडेपासून अर्धा फूट आत), त्यावर पुन्हा अर्धा फूट लिटर. एक किलो कोंबड्यांमागे दीड-दोन किलो लिटर लागते. ओलावा मुठीत दाबल्यावर बोटांना जाणवावा, पाणी गळू नये. तीन-चार दिवसांत आत 55 ते 65 अंश उष्णता आली पाहिजे. वास येत असेल तर ओल जास्त किंवा वरचा थर पातळ आहे. उष्णता उतरली की एकदा पलटा, दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. ते चाऱ्याच्या शेतात घालू नका, बोटुलिझमचा (जंतूंच्या विषाने जनावर लुळे पडण्याचा) धोका राहतो.

मरतूक एकदम वाढली तर खत, पुरणे सगळे थांबवा आणि कळवा. 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. त्या आजारासाठी केंद्राच्या आराखड्यात 2 मीटर लांबी-रुंदी-खोलीच्या खड्ड्यात 1,800 कोंबड्या धरल्या आहेत. पण काम पथक करते, तुम्ही नाही.

उघड्यावर टाकणे

पूर्वी गिधाडे काही तासांत हाडे मोकळी करत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे ती संपत गेली आणि 2006 मध्ये पशूंसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकही बंद झाले. वेदनाशामक लागले तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा, ते गिधाडांना सुरक्षित आहे. गिधाडे नसलेल्या गावात उघड्यावर टाकलेले ढोर म्हणजे भटक्या कुत्र्यांना मेजवानी. फुप्फुस-काळजातल्या पाण्याच्या गाठी कुत्र्याने खाल्ल्या की हायडॅटिड रोग माणसापर्यंत पोहोचतो. वन विभागाने जिथे गिधाडांसाठी जागा ठरवून दिली आहे, तिथेही शेवटच्या आजारात दिलेली औषधे सांगितल्याशिवाय देह नेऊ नका.

माळावर पडलेली जुनी हाडे गोळा करून पुरा. स्फुरद कमी पडलेली गाय हाडे चघळते, त्यातून बोटुलिझम होऊन मागचे पाय लुळे पडतात आणि जनावर बसते ते उठत नाही. गाभण आणि दुभत्या गाईंना रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या.