ड्रेसचे सैल पट्टे घरच्या घरी कसे आखूड करावेत

रेडिमेड ड्रेस घेताना छाती आणि कंबर मापात बसली की आपण खूश होतो. पण ड्रेस बारीक पट्ट्यांचा असेल, तर घरी आल्यावर गळा खाली उतरल्याचे आणि मुंढा, म्हणजे हात घालायच्या जागेची कड, काखेखाली सैल लोंबत असल्याचे लक्षात येते. कारखान्यात कपडा बेतताना उंची ठरावीक धरलेली असते, आणि खांद्यापासून छातीपर्यंतचे अंतर मात्र प्रत्येकीचे वेगळे असते. हे काम शिंप्याकडे देता येतेच, पण सुई-दोरा हातात धरता येत असेल, तर तासाभरात घरीही होते.

उसवायला बसण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते ठरवावे. ड्रेस घालून आरशासमोर उभे राहावे आणि खांद्यावर दोन्ही पट्टे चिमटीत धरून हलकेच वर उचलावेत. तेवढ्याने गळा आणि मुंढा जागेवर बसले, तर पट्टे लांब आहेत. पट्टा पुरेसा ताणलेला असूनही खांद्यावरून दंडाकडे घसरत असेल, तर तो आखूड करून काहीही साधणार नाही, कारण तिथे चूक लांबीची नसून जागेची असते. अशा वेळी पट्ट्यांची पाठीकडची टोके उसवून प्रत्येकी दीड ते दोन सेंटिमीटर मणक्याच्या दिशेने सरकवून शिवावीत. पट्टे घसरतात म्हणून ते पुन्हा पुन्हा आखूड करत राहणे ही नेहमीची चूक आहे, आणि त्यात खांद्यावर फक्त वळ उठतात.

आणखी एक गोष्ट याच वेळी पाहून घ्यावी. पट्टा वर गेला की त्याच्याबरोबर सगळा ड्रेस वर जातो, म्हणजे कंबरेची शिवण, छातीचे टक्स (आकार देण्यासाठी शिवलेल्या दुमडी) आणि मुंढा, सगळेच. साधारण तीन सेंटिमीटरपर्यंत हे खपून जाते. त्याहून जास्त उचलावे लागत असेल, तर मुंढा काखेत रुतू लागतो आणि टक्सचे टोक छातीच्या वर जाऊन बसते. मग ते काम पट्ट्याचे राहत नाही आणि ड्रेस शिंप्याकडे नेलेलाच बरा.

माप घेण्यापूर्वी सुती ड्रेस एकदा धुऊन वाळवावा, म्हणजे आटायचा तेवढा आटून जातो. होजिअरीचा किंवा उरेब (तिरक्या) कापलेल्या पट्ट्यांचा ड्रेस रात्रभर हँगरवर टांगून ठेवावा, कारण असे पट्टे स्वतःच्या वजनाने ताणले जातात. या ड्रेसखाली जी अंतर्वस्त्रे घालणार, तीच घालून माप घ्यावे आणि शक्य तर टाचण्या लावायला दुसऱ्या कोणाला तरी बोलवावे. स्वतः हात वर करून टाचणी लावताना खांदा उचलला जातो आणि माप हमखास चुकते. दोन्ही खांद्यांचे माप वेगवेगळे घ्यावे. वर्षानुवर्षे एकाच खांद्यावर पर्स अडकवणाऱ्या बाईच्या दोन खांद्यांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक निघाला, तर त्यात नवल नाही.

आता गणिताकडे नीट लक्ष द्यावे. खांद्यावर चिमटीत धरलेली दुमड दोन सेंटिमीटर भरली, तर पट्टा चार सेंटिमीटरने आखूड करायचा असतो, कारण दुमडीत कापड दुहेरी असते. भाचीच्या फ्रॉकच्या वेळी मी टेप लावून दोनच आकडा लिहून ठेवला, दोनच सेंटिमीटर आत घेतले आणि पक्की शिलाई घालून झाल्यावर फ्रॉक अजूनही ओघळलेलाच पाहिला. म्हणून टाचणी लावल्यावर लगेच, ड्रेस अंगातून काढण्याआधी, दुप्पट केलेला आकडाच कागदावर लिहावा.

आखूड करायचे ते शक्यतो पाठीच्या बाजूने. पुढच्या बाजूला गळ्याची कड, लेस किंवा भरतकाम असते आणि तिथले नवे टाके उठून दिसतात. ड्रेस उलटा करून पाठीचा पट्टा जिथे अस्तर आणि वरचे कापड यांच्यामध्ये गेला आहे, तिथली चार-पाच सेंटिमीटर शिलाई टोकदार कात्रीने किंवा उसवणीने उसवावी. दोरा ओढून काढू नये. दर तिसरा-चौथा टाका कापला, की उलट बाजूने दोरा सहज निघतो. पट्टा सोडवण्याआधी त्याच्या मूळच्या जागी खडूने खूण करावी, नाहीतर तो पुन्हा कुठे लावायचा यावर पंधरा मिनिटे जातात.

पट्ट्यावर आकड्याप्रमाणे नवी खूण करावी, तो खुणेपर्यंत आत सरकवावा आणि कच्चा दोरा घालून ड्रेस पुन्हा अंगात घालून पाहावा. हात वर करावेत, खाली वाकावे, खुर्चीवर बसावे. समाधान झाले, की जुन्याच शिलाईच्या रेषेवर मशीनची टीप दोनदा मारावी. पातळ कापडाला अकरा नंबरची आणि सुतीला चौदा नंबरची सुई पुरते. मशीन नसेल, तर दुहेरी दोऱ्याने हाताने उलटी टीप घालावी. पट्ट्यावर सगळ्या ड्रेसचा भार असल्यामुळे इथे साधा धावदोरा टिकत नाही. अस्तराचे उघडे तोंड मात्र साडीला फॉल लावताना घालतो तशा न दिसणाऱ्या टाक्यांनी बंद करावे. अस्तर नसलेल्या ड्रेसमध्ये पट्टा आतल्या पट्टीवर शिवलेला असतो, तो तिथेच खाली सरकवून शिवला की झाले.

आत उरलेले पट्ट्याचे टोक लगेच कापू नये. ते दोन-तीन सेंटिमीटर ठेवून अस्तराला हलके टाचावे. लहान मुलीच्या फ्रॉकचे तर अजिबात कापू नये, पुढच्या उन्हाळ्यात तेच उसवून पट्टा लांब करता येतो. साटीनच्या ड्रेसला मात्र टाचण्या फक्त शिलाईच्या आतल्या भागात लावाव्यात, कारण त्यावर पडलेली भोके इस्त्रीच्या वाफेनेही बुजत नाहीत.

पट्टा जागेवर असूनही आतली ब्राची पट्टी डोकावत असेल, तर चार सेंटिमीटरची अरुंद फीत घेऊन तिचे एक टोक पट्ट्याच्या खालच्या बाजूला खांद्यावर शिवावे आणि दुसऱ्या टोकाला टिचबटण लावावे. ब्राची पट्टी त्या फितीतून घेऊन बटण दाबले, की दोन्ही पट्टे दिवसभर एकमेकांना सोडत नाहीत.