जर्मनीतून नेदरलँड्सला जाताय? पत्त्याची नोंद आणि आरोग्य विमा कसा हलवायचा

म्युनिक किंवा फ्रँकफर्ट सोडून आइंडहोवन, अॅमस्टलवेनला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना वाटतं की दोन्ही देश युरोपियन युनियनमधलेच, म्हणजे सामान हलवलं की झालं. विमा आणि नोंदणी मात्र आपोआप हलत नाहीत. जर्मनीतली बंद करावी लागते, नेदरलँड्समधली नव्याने सुरू करावी लागते, आणि मधल्या दिवसांचा हिशेब तुम्हालाच ठेवावा लागतो. बहुतेक घोळ तारखा न जुळल्याने होतात. म्हणून पहिल्याच दिवशी एका कागदावर चार तारखा लिहा: जर्मनीतल्या नोकरीचा शेवटचा दिवस, जर्मनीतलं घर सोडण्याचा दिवस, डच घराच्या कराराचा पहिला दिवस आणि डच नोकरीचा पहिला दिवस. पुढची प्रत्येक कचेरी यातलीच एखादी तारीख विचारते. दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं गेली की पत्रव्यवहार मागे लागतो.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी एक गोष्ट आधी नक्की करावी. जर्मनीचा परवाना नेदरलँड्समध्ये नोकरीसाठी चालत नाही. तिथली कंपनी आयएनडी या स्थलांतर खात्याकडे नवा अर्ज करते. जर्मन ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) १२ महिने झाले असतील, तर प्रवेश व्हिसा न घेता नेदरलँड्सला येऊन, आल्यापासून महिन्याच्या आत तिथल्या ब्लू कार्डचा अर्ज करता येतो. ते कंपनी बघेल. पुढचं सगळं तुमच्या अंगावर आहे.

जन्मदाखला: सर्वांत आधी सुरू करा

डच नगरपालिका, म्हणजे खेमेंटे, नोंदणीच्या वेळी जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र मागते, आणि भारतातल्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात दाखला खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, हवं असतं. जर्मनीतून येणारे नेमके इथे अडकतात. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीने हरकत घेतलेली असल्याने तिथे ते चालत नाही. म्हणून जर्मनीत पाच-सहा वर्षं राहिलेल्यांच्या दाखल्यावरही ते नसतं. नेदरलँड्सला ते चालतं, आणि लागतंच. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, असा क्रम आहे. मूळ दाखला भारतात पाठवून परत येईपर्यंतचा वेळ धरून किमान दोन-तीन महिने आधी हे काम काढा.

पाठवण्याआधी दाखला समोर ठेवून नीट वाचा. जुन्या ग्रामपंचायतींच्या आणि नगरपरिषदांच्या कित्येक दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. लिंग, तारीख आणि आईवडिलांची नावं एवढंच असतं. त्यावर अपोस्टिल घेणं म्हणजे पैसे वाया. आधी त्याच कार्यालयातून नाव नोंदवून नवी प्रत घ्या. दुसरं, भाषा. इंग्रजी, डच, जर्मन आणि फ्रेंच दाखले भाषांतराविना चालतात. फक्त मराठीत असलेल्या दाखल्याचं भाषांतर करावं लागतं. शक्य असेल तर मराठी-इंग्रजी द्विभाषिक प्रतच मागा, भाषांतराचा खर्च वाचतो.

तिसरी गोष्ट नावाची. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. डच नोंदीत ती दोन्ही तुमची नावं म्हणून चढतात, आणि विमा कंपनी, दवाखाना, बँक सगळीकडे तीच दिसतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त प्रत्येक अर्जात पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर माहेरचं नाव जन्मदाखल्यावर आणि सासरचं पासपोर्टवर असतं. या दोघांना जोडणारा पुरावा म्हणजे विवाह प्रमाणपत्र, त्यामुळे त्यावरही अपोस्टिल घ्या.

जर्मनीतलं खातं नीट बंद करा

आबमेल्डुंग, म्हणजे पत्ता रद्द करणं, घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं आणि सोडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करावंच लागतं. अर्जात घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. फक्त नवऱ्याचं नाव लिहिलं तर बायको-मुलं कागदोपत्री जर्मनीतच राहतात. मिळणाऱ्या आबमेल्डेबेश्टेटिगुंगचे फोटो काढून ठेवा. विमा, रेडिओ-टीव्ही शुल्क, फोनचा करार, सगळं बंद करायला हाच कागद लागतो.

त्याच खेपेला आधीच्या पत्त्यांसह विस्तारित मेल्डेबेशाइनिगुंग, म्हणजे पत्त्याच्या नोंदीचा दाखला, मागून घ्या. नेदरलँड्सच्या ३० टक्के करसवलतीसाठी नोकरीआधीच्या २४ महिन्यांपैकी १६ हून जास्त महिने डच सीमेपासून १५० किलोमीटरपेक्षा लांब राहिल्याचं दाखवावं लागतं. म्युनिक किंवा बर्लिनवाले यात बसतात, ड्युसेलडॉर्फ आणि कलोनवाले बसत नाहीत. पुरावा म्हणून हा कागद उत्तम, आणि देश सोडल्यावर तो मागवणं कटकटीचं होतं.

आता क्रांकेनकासे, म्हणजे विमा संस्था. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर तुम्ही तिथे 'ऐच्छिक' सदस्य असता. नोकरी संपली म्हणून हा विमा आपोआप संपत नाही. देश सोडल्याचा किंवा दुसऱ्या विम्याचा पुरावा मिळेपर्यंत सदस्यत्व चालू राहतं. तुमचं उत्पन्न कळलं नाही की संस्था सर्वांत जास्त हप्ता लावते, आणि नोटिसा जुन्या पत्त्यावर जातात. त्यामुळे आबमेल्डुंगचा कागद, निघण्याची तारीख आणि नवा डच पत्ता लेखी कळवा, आणि सदस्यत्व कोणत्या तारखेला संपलं याचं पत्र मागा. विम्याचा किती काळ झाला हे दाखवणारा ई-१०४ दाखलाही सोबत मागा. पुढे डच हक्कासाठी जर्मनीतला काळ मोजायची वेळ आली तर तो उपयोगी पडतो.

खेमेंटेमधली नोंद

नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर आल्यापासून पाच दिवसांत खेमेंटेकडे नोंद करायची असते. अपॉइंटमेंट मात्र आठवड्यांनी मिळू शकते, म्हणून ती जर्मनीत असतानाच घ्या. कुटुंबातल्या प्रत्येकाने स्वतः हजर राहायचं, तान्ह्या बाळानेही. अॅमस्टरडॅम परिसरात, हेगमध्ये आणि आइंडहोवनला नव्याने येणाऱ्यांसाठी वेगळी केंद्रं आहेत. कंपनी मान्यताप्राप्त असेल तर परवान्याचं आणि खेमेंटेचं काम तिथे एकाच भेटीत होऊ शकतं.

सर्वांत मोठी अडचण घराची. काही आठवड्यांसाठी घेतलेल्या सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये किंवा पोटभाडेकरू म्हणून घेतलेल्या खोलीत 'नोंदणी चालणार नाही' अशी अट असते. करारावर सही करण्याआधी 'इनस्क्राइव्हिंग' (पत्त्याची नोंदणी) होईल का, हे घरमालकाकडून लेखी घ्या. ओळखीच्यांकडे उतरला असाल तर त्यांची लेखी संमती आणि ओळखपत्राची प्रत लागते. खेमेंटेचा तयार फॉर्म असतो. भाडं थोडं जास्त पडलं तरी नोंदणीचं घर घ्या, असं आमचं ठाम मत आहे. नोंदणी झाली की बीएसएन क्रमांक मिळतो, आणि पगार, बँक, विमा, डॉक्टर सगळं त्याच क्रमांकावर चालतं. कंपनीला बीएसएन दिला नाही तर पगारावर ५२ टक्के दराने कर कापावा लागतो, तो याच कारणाने.

नोंद झाली की त्याच दिवशी डिजीडी, म्हणजे सरकारी संकेतस्थळांचं लॉगिन, मागवा. सक्रिय करण्याचं कोडचं पत्र टपालाने येतं, म्हणून पत्रपेटीवर तुमचं आडनाव असू द्या. शेजाऱ्याच्या पेटीत गेलेल्या पत्रापायी लोकांचे दोन-दोन आठवडे जातात.

डच विमा: प्रत्येकाचा वेगळा

नेदरलँड्समध्ये राहायला किंवा काम करायला लागल्यापासून चार महिन्यांच्या आत झोर्गफरझेकरिंगचा, म्हणजे आरोग्य विम्याचा, मूळ विमा घ्यावा लागतो. मुदतीत घेतलात तर विमा पहिल्या दिवसापासून लागू होतो, आणि हप्ताही पहिल्या दिवसापासूनच द्यावा लागतो. तिसऱ्या महिन्यात घेऊन दोन महिन्यांचे पैसे वाचवू, हा हिशेब म्हणून चुकतो. चार महिने उलटल्यावर घेतलात तर मागचा काळ विम्याविना राहतो, त्यातली दवाखान्याची बिलं खिशातून, आणि विमा नसलेल्यांना शोधणाऱ्या सीएके या सरकारी संस्थेचं पत्र येतं. त्या पत्रानंतर तीन महिन्यांत विमा घेतला नाही तर दंड होतो. परवान्यावरची सुरुवातीची तारीख विमा कंपनी विचारते, तेव्हा आयएनडीचं पत्र हाताशी ठेवा.

जर्मनीत नोकरी नसलेली बायको आणि मुलं एकाच विम्यात फुकट येतात. नेदरलँड्समध्ये १८ वर्षांखालच्या मुलांचा मूळ विमा फुकट असतो, पण त्यांची नोंद तुम्हीच करायची. प्रौढ व्यक्ती प्रत्येकी वेगळी, कमावत नसली तरी. एका प्रौढाचा हप्ता महिना दीडशे युरोच्या आसपास धरा. दोघांचे तीनशे घरखर्चात आधीच मांडा. शिवाय आयखेन रिसिको, म्हणजे वर्षाला तुमच्या खिशातून जाणारी पहिली रक्कम, २०१६ पासून ३८५ युरो आहे. हप्ता कमी करायला ती ८८५ पर्यंत वाढवता येते. पहिल्या वर्षी तसं करू नका. नवी जागा, नवा डॉक्टर, मुलांची आजारपणं यांचा अंदाज आलेला नसतो.

हाउसआर्ट्सकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरांकडे, जाण्याचे पैसे या ३८५ मध्ये धरत नाहीत. त्यांनी सांगितलेल्या रक्ततपासणीचे मात्र धरतात. जर्मनीत थेट त्वचेच्या किंवा कानाच्या तज्ज्ञाकडे जायची सवय लागलेली असते. इथे हाउसआर्ट्सच्या चिठ्ठीविना विमा पैसे देत नाही. घराजवळच्याच दवाखान्यात नाव नोंदवायचं असतं आणि पुष्कळ दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत. तीन ठिकाणी नकार आला तर विमा कंपनीला फोन करून 'झोर्गबेमिडेलिंग' मागा. डॉक्टर शोधून देण्यात त्यांची मदत मिळते. प्रौढांच्या दातांचा खर्च मूळ विम्यात येत नाही, म्हणून दातांचं काम जर्मनीतच उरकून निघा.

कुटुंब मागे राहणार असेल तर

शाळेचं वर्ष संपेपर्यंत बायको-मुलं जर्मनीत आणि नवरा आइंडहोवनला, अशी सोय बरेच जण करतात. नवऱ्याचा जर्मन विमा संपला की त्याच्या आधारावरचा कुटुंबाचा विमाही संपतो. बायकोची जर्मनीत विम्याची नोकरी असेल तर मुलं तिच्या विम्यात घ्या. नसेल तर नेदरलँड्समधून एस-१ हा फॉर्म (डच विम्यावर जर्मनीत उपचार मिळण्यासाठीचा) मागवून तो जर्मन विमा संस्थेकडे द्यावा लागतो. नवी विमा कंपनी निवडण्याच्या फोनवरच ही परिस्थिती सांगा आणि फॉर्म कुणाकडे मागायचा ते विचारा. फॉर्म यायला वेळ लागतो, म्हणून नवरा निघण्याआधीच जर्मन संस्थेलाही कल्पना द्या.

थायरॉईड, मधुमेह, रक्तदाब यांची रोजची औषधं असतील तर तीन महिन्यांचा साठा घ्या आणि जर्मन डॉक्टरांकडून कागदी प्रिस्क्रिप्शन मागा, त्यावर कंपनीचं नाव न लिहिता औषधाच्या घटकाचं नाव असावं. मुलांची पिवळी लसीकरण पुस्तिका सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. शाळेआधी लसींचं वेळापत्रक जुळवताना पहिल्यांदा तीच मागतात.