सुई टोचते ती काम उरकल्यावर

वॉर्डमध्ये नवीन आलेल्याचं सगळं लक्ष शीर सापडण्याकडे असतं. धोका त्यानंतरचा आहे. सुई बाहेर आली, एका हाताने कापूस दाबलाय, दुसऱ्या हातात उघडी सुई आणि शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुया-ब्लेड टाकायचा, डबा दोन खाटांपलीकडे. म्हणून सिरिंजचं पाकीट फोडायच्या आधी डबा जवळ घ्या, ज्या हातात सुई असेल त्याच बाजूला. रुग्णाच्या अंगावरून सुई न्यावी लागली तर जागा चुकली.

टोपण परत लावू नका. दोन्ही हातांनी लावताना सुई कडेवरून घसरते आणि टोपण धरलेल्या बोटात शिरते. लावण्यावाचून गत्यंतरच नसेल तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवा, दुसरा हात लांब ठेवा, सुईनेच टोपण उचला आणि ट्रेच्या कडेवर टेकवून घट्ट बसवा. सुई हाताने वाकवायची नाही, ओढून काढायचीही नाही. बटरफ्लाय (पंख आणि लांब नळी असलेली) सुई विशेष खोडकर: तिची नळी गुंडाळलेली असते, सोडली की उसळते. पंख धरून सुई आधी डब्यात, नळी मागाहून.

डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा. गच्च भरलेल्या डब्यात लोक सुया बोटांनी दाबतात, आणि आतली एखादी टोक वर करून बसलेली असते. चादरीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत राहिलेली सुई त्याहून वाईट. ती सफाई कामगाराला टोचते, आणि रक्त कोणाचं हेही त्याला कळत नाही. पिशवी गळ्याशी धरून अंगापासून लांब न्यावी, हाताने दाबू नये.

ऑपरेशन थिएटरमध्ये स्कॅल्पेल (शस्त्रक्रियेची सुरी) हातातून हातात देऊ नका. किडनी ट्रेमध्ये ठेवा, समोरच्याने तिथून उचलावं. ब्लेड काढायला बोटं नव्हे, आर्टरी फोर्सेप्स (पकडीचा चिमटा). दुहेरी ग्लोव्ह्जमधून सुई आरपार जाते हे खरं, पण जाताना तिच्यावरचं बरंच रक्त पुसलं जातं. पोकळ सुईच्या आतलं रक्त मात्र तसंच राहतं, म्हणून टाक्याच्या भरीव सुईपेक्षा ती जास्त घातक.

टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, चोखू नका, ब्लीच लावू नका. मग लगेच कळवा; ‘ड्युटी संपल्यावर बघू’ हा सगळ्यात महागडा विचार. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईने लागण होण्याचा धोका सुमारे ०.३ टक्के, पण प्रतिबंधक गोळ्या शक्यतो २ तासांत सुरू व्हाव्यात, फार तर ७२ तासांत, आणि पुढे २८ दिवस चालतात. हेपॅटायटिस सीला लस नाही. ठरलेल्या तारखांना तपासणी करायची, लागण झालीच तर गोळ्यांनी बरा होतो.

हेपॅटायटिस बीचा धोका लस न घेतलेल्यांत ६ ते ३० टक्के. लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्या, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडी) तपासणी, करा. तो १० mIU/mL किंवा त्याहून जास्त हवा. आकडा फोनमध्ये लिहून ठेवा, टोचल्यावर पहिल्या काही प्रश्नांत तोच विचारतात.