एमएसमधले पेटके आणि न उमगणारी लक्षणं: घरी काय पाहायचं, काय करायचं

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाला इजा करणारा आजार) असलेल्या माणसाच्या पायातले पेटके दोन-चार दिवसांत एकाएकी वाढले, तर गोळी वाढवण्याआधी लघवी तपासून घ्या. एमएसमध्ये संवेदना बऱ्याचदा कमी झालेल्या असतात, त्यामुळे मूत्रमार्गाला संसर्ग झाला तरी जळजळ जाणवेलच असं नाही. कधी कधी जळजळीच्या आधी पायच ताठ होऊ लागतात. शरीरात खाली कुठे काही दुखतं-खुपतंय, हे माणसाला कळत नाही, पण मज्जारज्जूला कळतं आणि तो पाय आखडून तसं सांगतो.

म्हणून पेटके वाढले की आधी कारण शोधायचं. लघवी तुंबली आहे का? लघवीला जाऊन आल्यावरही पोट जड वाटत असेल, तर लघवीनंतर किती लघवी आत उरते ते सोनोग्राफीत मोजता येतं. शौचाला किती दिवस झाले नाही? बद्धकोष्ठता हे पेटक्यांचं मोठं आणि बहुधा दुर्लक्षित राहणारं कारण आहे. सारखं लघवीला लागतं म्हणून पाणी तोडणारे बरेच असतात. त्याने लघवी दाट होते, संसर्ग वाढतो, शौच घट्ट होतं आणि पेटके दुप्पट होतात. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी प्यावं, मात्र संध्याकाळी सातनंतर कमी करावं.

मग पाय नीट पाहा, उजेडात, बोटांच्या बेचक्यांत. पावसाळ्यात आपल्याकडे ओल हटता हटत नाही आणि चिखल्या होतात. ज्याला पाय बधिर आहेत त्याला त्या कळत नाहीत, पण पेटक्यांना त्या पुरतात. आत वाढलेलं नख, वळलेल्या बोटात रुतणारी जोडवी, घट्ट मोज्याची किनार, माकडहाडावर लाल झालेली जागा, हे सगळं तपासा. नुकतीच एखादी नवीन गोळी किंवा इंजेक्शन सुरू झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. एमएसवर दिल्या जाणाऱ्या बीटा इंटरफेरॉन या इंजेक्शनने काहींचा ताठरपणा वाढतो.

पेटका आला की

ओढाताण करू नका. या ताठरपणाचा स्वभाव असा की स्नायू जितक्या वेगाने ताणाल तितक्या जोराने तो उलट आखडतो, कारण त्याला आवरणारा मेंदूचा निरोप वाटेत क्षीण झालेला असतो. तोच स्नायू सावकाश ताणला तर सैल पडतो. कोल्हापुरात तालमीतल्या मालिशीवर आणि अंग मोकळं करून देणाऱ्या हातांवर लोकांचा मोठा विश्वास आहे. धडधाकट पैलवानाच्या थकलेल्या मांडीला ते ठीकच. एमएसच्या पायाला मात्र जोरात रगडणं आणि हिसका देऊन सरळ करणं अपाय करतं. हलक्या हाताने, संथ तेल लावायला हरकत नाही.

पाय काठीसारखा सरळ ताठला असेल तर एक हात टाचेखाली आणि दुसरा गुडघ्याखाली द्या. आधी गुडघा आणि कंबरेचा सांधा हळूहळू दुमडा, मगच पाऊल वरच्या बाजूला वळवा. चवड्याला आधी हात लावलात तर पेटका आणखी घट्ट होतो. गुडघा पोटाकडे ओढला गेला असेल तर मांडीवर गुडघ्याच्या थोडं वर तळवा ठेवा, स्थिर दाब द्या आणि थांबा. स्नायू स्वतःहून सुटू लागला की मगच त्याच्यामागून पाय लांब करत न्या. खुर्चीत बसलेलं असताना पाऊल थडथड उडायला लागलं तर टाच जमिनीला टेकवा आणि गुडघ्यावर हाताने वरून दाबून धरा, काही क्षणांत थांबतं.

एका पायाची पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल तर तो पेटका समजू नका. कमी हालणाऱ्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. अशा पोटरीला अजिबात चोळायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

रोजचा व्यायाम

थोडाच करा, पण रोज करा. पलंगावर पाठीवर पडून टॉवेलचा पट्टा चवड्याला अडकवा, गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढा आणि ३० ते ६० सेकंद धरा. असं तीन ते पाच वेळा. मग तेच गुडघा किंचित वाकवून करा, कारण पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत आणि सरळ गुडघ्यात खोलवरचा स्नायू पुरता ताणला जात नाही. दुपारी १५ ते २० मिनिटं पालथं झोपावं. दिवसभर खुर्चीत बसून आखूड झालेले जांघेतले स्नायू त्याने मोकळे होतात. मांड्या एकमेकींवर कातरीसारख्या येत असतील तर रात्री कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. पंगतीत मांडी घालून बसता येत असेल तर बसावं, पण उठताना पेटका येऊन तोल जातो, तेव्हा शेजारी कुणीतरी हवंच. उकिडवं बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, त्यात कमीपणा कसला!

पाऊल लोंबतं किंवा बोटं वळतात अशांनी कोल्हापुरी चप्पल घालू नये, हे इथं सांगताना जिवावर येतं. पण तिला मागे पट्टा नाही, चामड्याचा तळ ओल्या फरशीवर घसरतो, आणि ती पायात टिकवायला बोटं आवळावी लागतात, त्यातूनच पेटका सुरू होतो. मागून बंद आणि तळ घट्ट पकडणारा बूट बरा.

गोळ्यांबद्दल

बॅक्लोफेन ही ताठरपणा कमी करणारी गोळी बहुधा ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं सुरू करतात आणि काही दिवसांच्या अंतराने वाढवत नेतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी लागतो. ही गोळी एकदम बंद करायची नाही, कधीच नाही. संपली म्हणून, गावी जाताना घरी राहिली म्हणून बंद पडली तरी झटके, भास, जोराचा ताप येऊ शकतो. निदान आठवड्याभराच्या गोळ्या कायम शिल्लक ठेवा.

डोस जास्त झाला की पाय लुळा पडतो. काही माणसं त्या ताठरपणाच्याच आधारावर उभी राहत असतात. तो पूर्ण काढून टाकला तर चालणंच जातं. त्यामुळे ‘पेटके गेले का?’ एवढंच नाही, तर ‘पलंगावरून खुर्चीत येणं सोपं झालं की अवघड?’ हेही डॉक्टरांना सांगा.

टिझॅनिडीन ही ताठरपणावरची दुसरी गोळी चालू असेल तर अधूनमधून यकृताची तपासणी लागते. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक तिच्याबरोबर घ्यायचं नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गाला ही गोळी सर्रास दिली जाते, पण तिच्यामुळे टिझॅनिडीनचं रक्तातलं प्रमाण अनेक पटींनी वाढतं, रक्तदाब धाडकन उतरतो आणि माणूस गुंगीत जातो. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी चालू गोळ्यांची चिठ्ठी आधी पुढे करा.

हे एमएसचं की दुसरं काही?

कुणी सांगू शकत नाही अशी लक्षणं येतात, जातात. आज हात जड, उद्या नजर धूसर. ही अनिश्चितता माणसाला पोखरते, आणि घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणाले की जास्तच. ते मनाचे खेळ नसतात. अशा वेळी घड्याळ आणि थर्मामीटर घ्या.

काही सेकंद ते एक-दोन मिनिटं टिकून दिवसात पुन्हा पुन्हा येणारी कळ, मान वाकवल्यावर पाठीतून जाणारा करंट, हात किंवा पाय वेदनेसह वाकडा होणं, हे प्रकार घाबरवतात, पण त्यांवर वेगळी औषधं आहेत. कार्बामाझेपीन या औषधाचा छोटा डोस अशा कळांवर आणि आखडण्यावर बहुधा चांगला लागू पडतो. साध्या पेटक्याच्या गोळ्या वाढवून त्यांना फारसा फरक पडत नाही, म्हणून वर्णन नेमकं करा. शक्य असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या.

बंबाच्या कढत पाण्याने आंघोळ केल्यावर, एप्रिलच्या उन्हात महाद्वार रोडवर फिरल्यावर किंवा चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या पायऱ्या चढल्यावर जुनीच लक्षणं उफाळली, तर अंग तापल्याने आधीच जखमी नसांतून संदेश अडतो आहे. अर्ध्या अंशानेही हे होऊ शकतं. पंख्याखाली बसा, मानेवर ओला पंचा ठेवा, गार पाणी प्या. शरीर निवलं की लक्षण ओसरतं, नवीन इजा झालेली नसते. रंकाळ्यावर फिरायला उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत जा. आंघोळीचं पाणी कोमट असावं, फार गारही नको, कारण गारठ्यानेही काहींचे पाय आखडतात. हात बधिर असेल तर पाणी दुसऱ्या कुणीतरी कोपराने पाहावं.

नवीन लक्षण, किंवा जुन्याच लक्षणाची स्पष्ट वाढ, २४ तासांहून जास्त टिकली आणि ताप नाही, संसर्ग नाही, तर तो एमएसचा खरा हल्ला असू शकतो. न्यूरॉलॉजिस्टना लगेच कळवा. एका डोळ्याने दिसणं कमी झालं आणि डोळा हलवताना दुखत असेल तर २४ तास मोजत बसू नका. अशा हल्ल्यावर दिले जाणारे स्टेरॉईडचे सलाईन, म्हणजे बहुधा रोज १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, तीन ते पाच दिवस, सुरू होण्याआधी लघवीची तपासणी झालीच पाहिजे. संसर्ग लपलेला असेल तर स्टेरॉईड तो भडकवतं.

बरगड्यांभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं होणं एमएसमध्ये असतं. तरी पहिल्यांदा झालं तर आधी ईसीजी काढा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं किंवा एक बाजू लुळी पडणं हे काही मिनिटांत झालं, तर एमएस आहे म्हणून घरी थांबू नका, १०८ ला फोन करा. एमएस असलेल्यालाही पक्षाघात होऊ शकतो.

वहीत रोज दोन ओळी पुरेत: काय झालं, किती वाजता, किती वेळ टिकलं, ताप किती, लघवी-शौच कसं, झोप किती, गोळी चुकली का. डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात, त्यात ‘बरं वाटत नाही’ यापेक्षा ‘सोमवारपासून रोज रात्री दोन-चार वेळा पेटके, शौच तीन दिवस नाही’ हे वाक्य उपचार बदलतं.