फोटोवरून बनावट लेबल पकडणारं एआय मॉडेल बनवताय? या चुका टाळा

कोड स्कॅन झाला म्हणजे माल अस्सल, ही समजूत आधी सोडा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध ब्रँडच्या लेबलवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे, पण क्यूआरची झेरॉक्सही बिनबोभाट स्कॅन होते. क्यूआरमधलं एरर करेक्शन (खराब झालेला भाग भरून काढायची सोय) वरच्या पातळीचं असेल तर सुमारे ३० टक्के कोड खराब झाला तरी वाचता येतो. म्हणजे छपाईतला जो फरक आपल्याला हवा, तोच स्कॅनर पोटात घालतो! नक्कल करणारा छापील कोड स्कॅन करून पुन्हा छापतो. शाई दुसऱ्यांदा पसरते, बारीक पांढरे ठिपके बुजतात. मॉडेलला बघायचंय ते हे.

आमचं मॉडेल भलतंच शिकलं. खऱ्या लेबलांचे फोटो अंधेरीच्या ऑफिसात ट्यूबलाइटखाली काढलेले, बनावटांचे मस्जिद बंदरच्या गोडाऊनात पिवळ्या बल्बखाली, तेही वेगळ्या फोनने. टेस्टचा निकाल झकास. मग एक खरं लेबल खिशात घालून गोडाऊनात नेलं, तर उत्तर आलं ‘बनावट’. तिथलं डुप्लिकेट ऑफिसात आणलं, ते ‘अस्सल’. पठ्ठ्या बल्ब ओळखत होता! दोन्ही प्रकारचे फोटो त्याच फोनांनी, त्याच उजेडात काढा. आणि एकाच लेबलचे चार फोटो ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचे फोटो) आणि टेस्ट (त्याची परीक्षा घ्यायचे फोटो) दोन्हीकडे गेले, तर पेपर फुटलाच समजा. वाटणी लेबल आणि लॉटनुसार करा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो घेऊ नका, कॉम्प्रेशनमध्ये ठिपके जातात. अख्खा फोटो लहान करून २२४ पिक्सेलवर आणणं हीही तीच चूक. त्याऐवजी मूळ फोटोचे छोटे तुकडे कापून द्या.

जुलैत खरीच लेबलं नापास व्हायला लागली, तर आधी ती छापणाऱ्या प्रेसमध्ये जा. मुंबईच्या दमट हवेत कागद ओल धरतो, शाईची वागणूक बदलते. पावसाळ्यातले लॉट ट्रेनिंगमध्ये हवेतच.

‘अचूकता ९९ टक्के’ ऐकून पेढे वाटू नका. १०,००० लेबलांत १० बनावट असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना ‘खरं’ म्हणणाराही ९९.९ टक्के बरोबर येतो. त्या दहांपैकी किती सापडली, ते विचारा.

शिवाय ‘खरं’ आणि ‘बनावट’ यांच्या जोडीला तिसरं उत्तर ठेवा: ‘पुन्हा फोटो काढा’. आमच्या गोडाऊनातला पोऱ्या लेन्स शर्टाला पुसतो, आणि बरीचशी संशयित लेबलं तिथेच सुटतात.